कोणत्या देशीं जन्म घ्यावा?

[नभोवाणीवरून झालेलें भाषण]

इतिहास आणि भूगोल हे दोन विषय मीं शाळेंत बरींच वर्षें शिकविले. माझें स्वतःचें शिक्षण मॅट्रिकपलीकडे गेलें नाहीं. त्यामुळें जें शिकविलें तें बहुतेक मुलांबरोबरच शिकलों, असें म्हणावयास हरकत नाहीं. नोकरीच्या प्रारंभींची गोष्ट. सातवीच्या वर्गांत फळ्याशेजारीं युरोपचा नकाशा टांगलेला होता. एका मुलानें विचारलें, "गुरुजी, मागच्या तीनचारशें वर्षांत कुठेंहि जन्म घ्यायची मुभा असती, तर तुम्ही कुठला देश घेतला असता?"

प्रश्न मौजेचा होता. मींहि मौजेनेंच उत्तर दिलें, "इंग्लंड! राणी व्हिक्टोरियाचा काळ. आगगाडी, छापखाने, ग्रंथालयें, पार्लमेंट!" मुलें हंसलीं. तेवढ्यांत खिडकीजवळच्या बाकावरून एक मुलगी उठली आणि म्हणाली, "आणि गुरुजी, मुलगी म्हणून जन्मलां असतां तर?"

घंटा झाली आणि माझी सुटका झाली. उत्तर दुसऱ्या दिवशीं द्यावें असें मनांत होतें. तें राहून गेलें. त्या मुलीची शाळा त्याच वर्षाअखेर सुटली. घरीं धाकट्या भावंडांना सांभाळावयास कोणी नव्हतें. तिचा प्रश्न मात्र माझ्याजवळ राहिला. आजचें भाषण म्हणजे त्या प्रश्नाचें, फार उशिरां दिलेलें, उत्तर आहे.

खेळ कोणताहि असो, त्याचे नियम आधीं ठरले पाहिजेत. माझ्या मतें या निवडीस तीन अटी असाव्यात. पहिली अट ही, कीं देश आपण निवडावा, परंतु घर निवडूं नये. राजवाड्यांत जन्म होईल कीं झोंपडींत, मुलगा म्हणून कीं मुलगी म्हणून, मालकाच्या घरीं कीं गुलामाच्या, हें आधीं कळावयाचें नाहीं. जुन्या काळाचें स्वप्न पाहणारा मनुष्य स्वप्नांत नेहमीं पालखींत बसलेला असतो. भोई होऊन कोणी स्वप्न पाहत नाहीं. वास्तविक कोणत्याहि देशांत पालखींत बसणारे थोडे आणि ती वाहणारे पुष्कळ. दुसरी अट ही, कीं जन्मापासून मरणापर्यंतचें सारें आयुष्य त्याच काळांत काढावयाचें. ऐन तारुण्याचीं चार चांगलीं वर्षें वेंचून घ्यावयाचीं नाहींत. आणि तिसरी अट ही, कीं आजचें ज्ञान व आजचीं औषधें बरोबर नेतां येणार नाहींत.

या अटी मान्य केल्या कीं पहिला प्रश्न सुखाचा राहत नाहीं, जगण्याचा होतो. मूल जगेल काय?

ब्रिटनची राणी ॲन हिचें उदाहरण घ्या. तिला सतरा वेळां दिवस गेले. कांहीं गर्भ पडले, कांहीं मुलें मृतच जन्मलीं, कांहीं अल्पकाळ जगलीं. एकच मुलगा जरा मोठा झाला; तोहि १७०० सालीं, वयाच्या अकराव्या वर्षीं वारला. १७१४ मध्यें राणी मरण पावली तेव्हां तिच्यामागें एकहि अपत्य नव्हतें, आणि राज्य हॅनोव्हरच्या घराण्याकडे गेलें. फ्रान्सचा राजा पंधरावा लुई १७७४ सालीं देवीच्या रोगानें गेला. नेथन रॉथ्सचाइल्ड हा आपल्या काळांतील अत्यंत श्रीमंत सावकार. राजे त्याच्याकडून कर्ज काढीत. तो १८३६ मध्यें एका चिघळलेल्या गळवानें मेला. आज तालुक्याच्या गांवचा डॉक्टर चार दिवसांच्या गोळ्या देऊन जें गळूं बरें करतो, त्यावर त्या काळीं साऱ्या युरोपांत उपाय नव्हता. तात्पर्य, राजवाडा पदरांत पडला तरी पाळणा सुरक्षित नव्हता. मग झोंपडीची कथा काय सांगावी!

१८०० सालापर्यंत जगांतील कोणत्याहि देशाचें सरासरी आयुर्मान चाळिसाच्या फारसें वर गेलेलें नव्हतें. येथें एक खुलासा केला पाहिजे. सरासरी आयुष्य पस्तीस वर्षें याचा अर्थ माणसें पस्तिशींत म्हातारीं होत, असा नव्हे. साठ-सत्तर वर्षें जगणारीं माणसें तेव्हांहि होतीं. परंतु जन्मलेल्या मुलांपैकीं चार-पांच दशांश मुलें मोठीं होण्यापूर्वींच जात, आणि त्या लहान लहान आयुष्यांच्या भारानें सरासरी खालीं ओढली जाई. सरासरीचा आंकडा वाचतांना त्याच्या मागें किती पाळणे रिकामे झाले तें पाहावें लागतें.

आतां एकेक शतक घेऊं.

सतराव्या शतकांत ज्याला निवड करावयाची त्याची दृष्टि प्रथम हॉलंडकडे जाईल. स्पेनच्या राजाशीं झगडून डच प्रांतांनीं आपलें प्रजासत्ताक राज्य उभारलें होतें. १५७९ च्या उत्रेख्तच्या करारांतच असें कलम होतें, कीं धर्माच्या बाबतींत कोणाचाहि छळ होऊं नये. देकार्त हा फ्रेंच तत्त्वज्ञ. पण १६२८ पासून पुढें वीस वर्षें तो बहुतेक हॉलंडांतच राहिला. इंग्लंडांतून निघालेल्या जॉन लॉकनें १६८३ मध्यें तेथेंच आसरा घेतला. स्पिनोझाचे वाडवडील पोर्तुगालमधील धर्मछळास कंटाळून आलेले यहुदी. त्याचा जन्म १६३२ मध्यें ॲम्स्टरडॅमला झाला. शहरांमधून कालवे होते, आणि घोड्यांनीं ओढलेल्या नावा त्यांतून ठरलेल्या वेळेस सुटत. सामान्य कारागिराच्या भिंतीवर चित्र टांगलेलें असे, ही गोष्ट परदेशीय प्रवाशांस नवल वाटण्याजोगी होती.

परंतु या चित्राची दुसरी बाजूहि पाहूं. १६६३-६४ मध्यें ॲम्स्टरडॅमला प्लेगनें हजारों माणसें नेलीं. १६७२ मध्यें शत्रूंनीं देश वेढला तेव्हां योहान द विट या कर्तबगार मुत्सद्द्यास व त्याच्या भावास हेगच्या रस्त्यावर जमावानें ठार केलें. आणि हॉलंडचें वैभव कोठून येत होतें? १६०२ मध्यें स्थापन झालेल्या डच ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांतून. आपल्या वेंगुर्ल्यासहि या कंपनीची वखार होती. तिचे अवशेष आजहि उभे आहेत. याच कंपनीनें १६२१ मध्यें जायफळाचा व्यापार एकट्याच्या हातीं यावा म्हणून बांदा बेटें जिंकलीं. तेथील सुमारें पंधरा हजार रहिवाशांपैकीं बहुतेक मारले गेले, उपासमारीनें मेले, देशोधडीस लागले किंवा गुलाम झाले. मागें हजारभर उरले. ज्या जायफळाच्या सुगंधानें ॲम्स्टरडॅमचें स्वयंपाकघर दरवळे, त्याची ही किंमत होती.

तरीहि सतराव्या शतकापुरतें माझें उत्तर हॉलंड हेंच आहे. याच वेळीं जर्मनी तीस वर्षांच्या युद्धांत होरपळत होता, फ्रान्सचा राजा आपल्या प्रॉटेस्टंट प्रजेस देश सोडावयास लावीत होता. हॉलंडांत निदान मनुष्यास आपल्या मनांतील विचार घेऊन जगतां येत होतें. स्पिनोझास त्याच्याच समाजानें १६५६ मध्यें बहिष्कृत केलें, पण राज्यानें त्यास जिवंत राहूं दिलें. भिंगें घांसून आणि मित्रांच्या मदतीवर त्यानें उरलेलें आयुष्य काढलें. त्या काळच्या मानानें ही लहान गोष्ट नव्हती.

अठराव्या शतकासाठीं मीं दोन देश तराजूंत घातले; एक जपान आणि दुसरा स्वीडन. जपानचें नांव ऐकून आपणांस आश्चर्य वाटेल. परंतु १६३८ मध्यें शिमाबाराचें बंड मोडल्यापासून पुढें दोनशें वर्षांहून अधिक काळ त्या देशांत मोठें युद्ध झालें नाहीं. एदो, म्हणजे आजचें टोकियो, अठराव्या शतकांत सुमारें दहा लाख वस्तीचें शहर होतें. शहरांतील मैला शेतकरी विकत घेऊन खतासाठीं नेत. त्यामुळें एवढें मोठें शहर असूनहि तें त्या काळच्या लंडनपेक्षां स्वच्छ राहत असे. देवळांच्या आवारांत आणि खासगी घरांत चालणाऱ्या लहान लहान शाळांतून सामान्य लोकांचीं मुलें लिहावयास वाचावयास शिकत. शांतता, स्वच्छता, शाळा; आणखी काय पाहिजे?

पाहिजे तें हें, कीं दार उघडें असावें. १६३५ च्या हुकुमानें जपानी मनुष्यास देश सोडून जाण्याची बंदी होती, आणि गेलेला परत आला तर त्यास देहान्त शिक्षा होती. भात पिकलें नाहीं तर तें बाहेरून यावयाचें नाहीं आणि माणसांनीं बाहेर जावयाचें नाहीं. १७८२ पासून कांहीं वर्षें पडलेल्या तेंमेई दुष्काळांत उत्तरेकडील कित्येक गांवें ओस पडलीं. शिवाय तेथेंहि अस्पृश्य होते. मेलेलीं जनावरें ओढणें, कातडीं कमावणें हीं कामें ज्यांच्या कपाळीं जन्मानें लिहिलेलीं, ज्यांची वस्ती गांवाबाहेर, असा एक वर्ग जपानांत होता. १८७१ मध्यें कायद्यानें तो भेद रद्द झाला. मनांतून तो जावयास फार काळ लागला. आपण पहिली अट घातली आहे. घर आपल्या निवडीचें नाहीं. महाराष्ट्रांतील श्रोत्यांस या अटीचा अर्थ अधिक फोड करून सांगण्याची गरज नाहीं.

आतां स्वीडन. हा देश गरीब, थंड, खडकाळ. १७२१ पर्यंत तो युद्धांनीं पिळून निघाला होता, आणि त्यानंतरहि त्याच्या राजांची खुमखुमी पुरती जिरली नव्हती. पण येथें तीन गोष्टी होत्या. पहिली ही, कीं येथील शेतकरी कधीं भूदास झाला नाहीं. राज्याच्या सभेंत सरदार, धर्मोपदेशक व शहरवासी यांच्याबरोबर शेतकऱ्यांचा स्वतंत्र चौथा वर्ग बसे. दुसरी गोष्ट वाचनाची. १६८६ च्या चर्चच्या कायद्यानें प्रत्येक माणसास वाचतां आलें पाहिजे असें ठरलें, आणि त्या प्रत्येक माणसांत बायकाहि होत्या. पाद्री घरोघर जाऊन कुटुंबाची परीक्षा घेई आणि कोणाला किती वाचतां येतें तें वहींत नोंदवी. हेतु धर्मग्रंथ वाचण्याचा होता, हें खरें. पण अक्षर ओळखूं लागलेली मुलगी पुढें काय वाचील, यावर कोणत्या पाद्र्याचा ताबा चालणार? तिसरी गोष्ट मोजणीची. १७४९ पासून त्या देशानें जन्म, मृत्यु व मृत्यूचीं कारणें यांचीं कोष्टकें सबंध राज्यासाठीं ठेवावयास आरंभ केला. असें काम इतक्या अखंडपणें करणारा तोच पहिला देश.

मोजणीचें एवढें कौतुक कां, असें कोणी विचारील. त्याचें कारण सांगतों. ज्या देशांत मेलेलें मूल कोणाच्या वहींत चढत नाहीं, तेथें तें देवानें नेलें असें म्हणून सारे गप्प बसतात. त्याची नोंद झाली, शंभरांत वीस मुलें पहिल्या वाढदिवसाआधींच जातात असा आंकडा राज्यकर्त्यांच्या डोळ्यांपुढें आला, म्हणजे प्रश्न उभा राहतो, कीं या परगण्यांत वीस आणि शेजारच्यांत बारा कां? स्वीडनमध्यें या प्रश्नांतून शिकविलेल्या सुइणी गांवोगांव नेमण्याची खटपट सुरू झाली. जेनरची देवी टोचण्याची युक्ति १७९८ मध्यें प्रसिद्ध झाली. स्वीडननें १८१६ मध्यें ती सर्व मुलांस सक्तीची केली. १८१४ नंतर त्या देशानें युद्ध केलें नाहीं. तेथील तेग्नेर नांवाच्या कवि-धर्मगुरूनें देशाची लोकसंख्या वाढण्याचीं तीन कारणें सांगितलीं आहेत : शांतता, देवीची लस आणि बटाटा. माझ्या मतें अर्थशास्त्राचा एक मोठा ग्रंथ या तीन शब्दांत मावलेला आहे.

जातां जातां सांगतों, कीं देवीच्या लशीस आपल्याकडे यावयास फार वेळ लागला नाहीं. १४ जून १८०२ रोजीं मुंबईस ॲना डस्टहॉल नांवाच्या तीन वर्षांच्या मुलीस ती टोचली गेली. हिंदुस्थानांतील ती पहिली लस. परंतु मुंबई बंदरांत लस पोंचणें निराळें आणि सह्याद्रीच्या घाटमाथ्यावरील पाळण्यापर्यंत ती पोंचणें निराळें. देवीचा रोग जगांतून नाहींसा झाल्याची घोषणा १९८० मध्यें झाली. पहिल्या लशीपासून शेवटच्या रोग्यापर्यंतचें अंतर शोधानें कापलें जात नाहीं. तें पायीं हिंडणाऱ्या माणसांनीं कापावें लागतें.

एकोणिसाव्या शतकाशीं आलों म्हणजे माझ्या वर्गांतल्या त्या उत्तराचा हिशेब द्यावा लागेल. व्हिक्टोरियाचें इंग्लंड! १८४२ मध्यें एडविन चॅडविक यानें मजूरवर्गाच्या आरोग्यस्थितीवर एक अहवाल प्रसिद्ध केला. त्यांत मृत्यूच्या वेळच्या सरासरी वयाचे आंकडे आहेत. मँचेस्टरमध्यें सुखवस्तु वर्गाचें सरासरी वय ३८ आणि मजुरांचें १७. रटलंड या खेड्यापाड्यांच्या परगण्यांत सुखवस्तूंचें ५२ आणि मजुरांचें ३८. पुन्हां सांगतों, हे आंकडे एवढे लहान दिसतात ते मुलांच्या मृत्यूमुळें. पण नीट पाहा. मँचेस्टरचा सुखवस्तु गृहस्थ आणि रटलंडचा शेतमजूर यांचें आयुष्य सारखेंच. पैशानें जें मिळविलें तें शहराच्या घाण पाण्यानें आणि धुरानें हिरावून घेतलें. एकाच राजाच्या राज्यांत, एकाच झेंड्याखालीं, दोन गल्ल्यांत आयुष्याचें निम्में अंतर. तेव्हां "इंग्लंड" हें उत्तर पुरें नाहीं, "इंग्लंडांत कोठें, आणि कोणाच्या पोटीं?" असें विचारलें पाहिजे.

आणि ती मुलगी? १८८२ च्या कायद्यापर्यंत इंग्लंडांतील विवाहित स्त्रीची मालमत्ता सर्वसाधारणपणें नवऱ्याची होई. १८४२ पूर्वीं कोळशाच्या खाणींत मुली व बायका जमिनीखालीं गाडे ओढीत. ऑक्सफर्डनें स्त्रियांस पदव्या दिल्या त्या १९२० मध्यें, आणि केंब्रिजनें तर १९४८ मध्यें. त्याच्या सुमारें साठ वर्षें आधीं मुंबई विद्यापीठानें पुण्याच्या डेक्कन कॉलेजची विद्यार्थिनी कॉर्नेलिया सोराबजी हिला पदवी दिलेली होती. हें मला त्या दिवशीं वर्गांत ठाऊक असतें तर मीं इंग्लंडचें नांव इतक्या रुबाबानें घेतलें नसतें.

मग अमेरिका? आपल्याच दोन स्त्रिया तेथें जाऊन आल्या. आनंदीबाई जोशी यांस चौदाव्या वर्षीं झालेला मुलगा दहा दिवसांत गेला. त्या दुःखांतून वैद्यकी शिकण्याचा निश्चय त्यांनीं केला आणि १८८६ मध्यें फिलाडेल्फियास स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयांतून त्या डॉक्टर झाल्या. पंडिता रमाबाई त्याच साली तेथें गेल्या, आणि परत आल्यावर १८८९ मध्यें त्यांनीं अमेरिकेच्या लोकस्थितीवर मराठींत ग्रंथ लिहिला. तेथील स्त्रियांच्या शाळा, संस्था व उद्योग यांचें त्यांनीं मनापासून कौतुक केलें. वर्णभेदाचा दोषहि झांकला नाहीं. जी विद्या आनंदीबाईंस येथें मिळाली नसती ती अमेरिकेनें दिली. परंतु क्षयापासून त्यांस ना अमेरिका वांचवूं शकली, ना पुणें. २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं पुण्यास त्या वारल्या. बावीस वर्षेंहि पुरीं झालीं नव्हतीं. क्षयावर स्ट्रेप्टोमायसीन हें औषध १९४३ मध्यें सांपडलें.

अमेरिकेसहि आपली पहिली अट लावून पाहूं. १८६० च्या शिरगणतींत त्या देशांत जवळजवळ चाळीस लाख माणसें गुलाम होतीं; म्हणजे दर आठ माणसांत एक. फांसा टाकून जन्म घ्यावयाचा, आणि फांशाच्या आठ बाजूंपैकीं एकीवर बेडी कोरलेली! शिवाय गुलामगिरी १८६५ मध्यें गेल्यावरहि आपल्यासारख्यांस तें दार बराच काळ बंदच होतें. १९२३ मध्यें तेथील सर्वोच्च न्यायालयानें भगतसिंग थिंड यांच्या खटल्यांत असा निर्णय दिला, कीं हिंदी मनुष्य नागरिकत्वास पात्र नाहीं. तो नियम १९४६ च्या कायद्यानें बदलला. आपण देश निवडूं. देशानेंहि आपल्यास निवडलें पाहिजे.

न्यू झीलंडचें नांव येथें घेतलें पाहिजे. १८९३ मध्यें स्त्रियांस राष्ट्रीय निवडणुकींत मत देणारा तो पहिला स्वशासित देश. १८९८ मध्यें त्यानें गरीब वृद्धांस निवृत्तिवेतन दिलें. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तेथें वसलेल्या गोऱ्या स्त्रियांचें आयुर्मान जगांत सर्वांत अधिक होतें. त्या मुलीस मी आनंदानें तेथें धाडलें असतें. पण "गोऱ्या" हा शब्द मीं मुद्दाम वापरला आहे. १८४० मध्यें इंग्रजांनीं माओरी सरदारांशीं तह केला, आणि पुढें लढाया करून व जमिनी जप्त करून त्यांस मागें रेटलें. १८९६ च्या सुमारास माओरी लोक सुमारें ४२ हजार उरले होते. तहाच्या वेळीं ते याच्या जवळजवळ दुप्पट असावेत. एकाच बेटावर, एकाच वर्षीं जन्मलेल्या दोन मुलींपैकीं एकीस जगांतील सर्वोत्तम आयुष्य, आणि दुसरीच्या वंशाचा दिवा टिकेल कीं नाहीं याची शंका.

म्हणून मी पुन्हां स्वीडनकडे वळतों. परंतु येथें एक अडचण आहे आणि ती लपविणें योग्य होणार नाहीं. ज्या देशाची मी शिफारस करतों, त्याच देशांतून १८५० ते १९३० या काळांत बारा लाखांच्या आसपास लोक जहाजें भरून अमेरिकेस गेले. १८६७-६८ च्या दुष्काळांत तेथील गरीब लोक पिठांत झाडाची साल मिसळून भाकरी करीत. देश चांगला, तर त्याचे लोक पळाले कां?

यावर मीं पुष्कळ विचार केला. माझें उत्तर असें : ते पळाले, कारण त्यांना पळतां आलें. जपानी शेतकऱ्यास दुष्काळांत गांव सोडून समुद्र ओलांडतां येत नव्हता. रशियाचा भूदास १८६१ पर्यंत मालकाच्या परवानगीवांचून हलूं शकत नव्हता. स्वीडिश शेतमजूर भावाचें पत्र स्वतः वाची, तिकिटाचे पैसे जमवी आणि निघे. तोंपर्यंत तेथें १८४२ च्या कायद्यानें गांवोगांव शाळा निघाल्या होत्या. त्यामुळें पुढच्या पिढीस पत्र वाचतांच नव्हे, तर लिहितांहि येऊं लागलें. आणि इतके लोक जाऊं लागलेले पाहून मागें राहिलेल्या राज्यकर्त्यांसहि विचार करावा लागला, कीं माणसें टिकवावयाचीं तर त्यांस जमीन, घर आणि मत दिलें पाहिजे. उघडें दार हें दुबळ्याच्या हातांतील मतपत्र आहे. १९२१ मध्यें तेथील स्त्रियांनीं प्रथम राष्ट्रीय निवडणुकींत मत दिलें. १७५० च्या सुमारास शंभरांत वीस मुलें वर्षाच्या आंत जात; १९०० च्या सुमारास दहा; आज हजारांत दोनतीन.

विसाव्या शतकांतील स्वीडनवरहि डाग आहे. १९३५ पासून १९७५ पर्यंत तेथें एक कायदा होता, त्याखालीं सुमारें त्रेसष्ट हजार लोकांची, बहुतेक स्त्रियांची, संततिबंदीची शस्त्रक्रिया झाली. कित्येकींची संमति नांवापुरती किंवा दडपणाखालीं घेतलेली होती. दुसऱ्या महायुद्धांत देशानें तटस्थ राहून आपलें घर वांचविलें, पण जर्मनीस लोखंडाची माती विकली आणि १९४० ते १९४३ पर्यंत त्याच्या सैनिकांस आपल्या आगगाड्यांतून जाऊं दिलें. निर्दोष देश मला नकाशावर सांपडला नाहीं. सांपडले ते इतकेच, कीं जेथें दोष नोंदला गेला, बोलला गेला आणि पुढच्या पिढीनें कायदा बदलला.

श्रोतेहो, इतके देश हिंडल्यावर एक गोष्ट माझ्या ध्यानीं आली. जे देश निवडण्यासारखे ठरले ते सोन्यामुळें, साम्राज्यामुळें किंवा थोर राजांमुळें ठरले नाहींत. सुईण, स्वच्छ पाणी, लस, गांवची शाळा, जन्ममृत्यूची वही, शांतता आणि उघडें दार. ही यादी एखाद्या तालुक्याच्या कचेरींतील फळ्यावर मावेल. यांतील कोणतीहि वस्तु हवापाण्यामुळें किंवा रक्तामुळें एका देशांत उगवते आणि दुसऱ्यांत उगवत नाहीं, असें नाहीं. खडकाळ स्वीडनमध्यें ती रुजली, आणि श्रीमंत मँचेस्टरमध्यें ती फार उशिरां आली.

माझ्या आजीला मीं लहानपणीं विचारलें होतें, "आजी, तुला मुलें किती?" ती बोटांवर मोजूं लागली, सातव्या बोटापाशीं थांबली, एक नांव पुन्हां घेतलें, आणि मग हात पदराखालीं घेऊन म्हणाली, "तिघें." त्या थांबण्याचा अर्थ मला पुढें आंकडे वाचूं लागल्यावर कळला. देश स्वतंत्र झाला तेव्हां आपलें सरासरी आयुर्मान सुमारें ३२ वर्षें होतें. आज तें सत्तरीच्या आसपास आहे. माझ्या नातीच्या पिढींत बोटें मोजतांना आईस थांबावें लागत नाहीं. निदान बहुतेक घरांत लागत नाहीं. ज्या घरांत अजून लागतें, आणि ज्या घरांत धाकट्या भावंडांसाठीं थोरलीची शाळा अजून सुटते, तीं घरें यादींतून वगळून देशाची सरासरी सांगण्याचा मोह आपण टाळला पाहिजे. पहिली अट हेंच शिकविते.

ती माझी विद्यार्थिनी आज पन्नाशी ओलांडून गेली असेल. ती कोठें आहे मला माहीत नाहीं. हें भाषण तिच्या कानीं पडत असेल, तर तिनें एवढें उत्तर लिहून घ्यावें : सतराव्या शतकांत हॉलंड; त्यापुढें स्वीडन, डोळे उघडे ठेवून. "इंग्लंड" हें उत्तर खोडून टाकावें. तें घाईचें होतें, आणि चूक शिक्षकाची होती. तुझा प्रश्न बरोबर होता.